हात लावू नये असा चंबू

मित्रांनो, मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. डुनेडिनच्या एका प्रयोगशाळेत राहतो. माझ्यापासून कोणाला काय मिळायचं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मेरेआनाला पीएच.डी. मिळायची होती. तिचे प्राध्यापक हॅमिश यांना परिषदांची आमंत्रणं. तिच्या टामाती काकांना, आपल्या टेकडीवरच्या मानुका नावाच्या झुडपाच्या पानांनी सोन्याचे कण होतात, असं चारचौघांत म्हणायचा मान. आणि मला स्तुती. खोटं कशाला बोलू, ती मला फार आवडायची.

अतिसूक्ष्म कण करायच्या दोन रीती आहेत. एक, मोठ्याचं दळून लहान करायचं. त्यासाठी माझ्या शेजारी लोखंडी गोळ्यांची चक्की आहे. तिचं काम बेताचं, खडखडाट फार. दुसरी, विरघळलेल्या पदार्थातून कण जमवत वाढवायचा. ही माझी रीत. मेरेआना माझ्यात सोन्याचं पिवळसर पाणी उकळायची आणि काकांनी पाठवलेल्या पानांचा काढा ओतायची. बघता बघता पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल व्हायचं. लाल म्हणजे कण बारीक आणि सगळे एका मापाचे. केसाच्या जाडीत पाच हजार ओळीने मावतील इतके. दुसऱ्या चंबूत तोच काढा गढूळ जांभळा व्हायचा.

सोन्याचं काम झालं की चंबू अम्लराजाने धुवावा, असा नियम आहे. काचेला चिकटलेलं सोनं पाण्याने निघत नाही. पण त्या तिखट आम्लापायी जाड हातमोजे आले, धूर ओढणारं कपाट आलं, अर्धा तास आला. मेरेआना मला नळाखाली विसळायची. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती : ‘मेरेआनाचा. हात लावू नये.’

प्रयोगशाळेची सगळी काच सांभाळणारी लॉर्ना एकदा म्हणाली, “याला आम्ल दाखवलंस का गं कधी?”

“धुतला तर त्याचा पायगुण जाईल.”

“आमच्या काळी त्याला मळ म्हणायचे.”

“लॉर्ना, चीज रोल गार होतोय तुझा.”

हॅमिश हसले. “लाल येतंय ना? मग येऊ दे.”

शोधनिबंध छापून आला. हॅमिश दोनदा परदेशी जाऊन बोलून आले. मग ऑकलंडच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं : पाच वेळा केलं, पाचही वेळा जांभळं. “पानं शिळी असतील त्यांची,” हॅमिश म्हणाले. मेरेआनानेही तसंच कळवलं. मला खरं ठाऊक होतं. पण माझं तोंड ओतण्यापुरतं.

त्याच आठवड्यात टामाती काका वारले. मेरेआना तीन दिवस गावी, मराएवर, म्हणजे त्यांच्या समाजाच्या सभास्थानी, अंत्यविधीला होती. इकडे लॉर्नाने माझी चिठ्ठी वाचली, सोडून बाजूला ठेवली आणि मला अम्लराजाने धुतलं. चार वर्षांचं सोनं माझ्या अंगावरून उतरलं.

मेरेआना येताना काकांच्या झुडपाची ताजी पानं घेऊन आली. त्यांचा काढा माझ्यात ओतला, तर पाणी जांभळं झालं.

“धुतलास तू याला?”

“दोनदा.”

ती रागावली नाही. न धुता तिने तोच प्रयोग पुनःपुन्हा केला. दर वेळी लाली थोडी वाढली. तिला कळलं : काचेवरून सुटलेल्या जुन्या कणांवर नवं सोनं बसत होतं. माप पानं ठरवत नव्हती, माझा मळ ठरवत होता.

“पदवी हातात येऊ दे, मग दुरुस्ती छापू,” हॅमिश म्हणाले.

“काकांच्या पानांवर खोटं नको, हॅमिश. निबंध आजच मागे घेते.”

मित्रांनो, ज्या यशाचं श्रेय मी मिरवलं, ते माझ्या अस्वच्छतेचं होतं. भांडं धुऊन ठेवा. आणि एखादी गोष्ट फक्त तुमच्याच भांड्यात जमत असेल, तर फुशारकी मारण्याआधी एकदा आत डोकावा.

आता मी स्वच्छ आहे आणि वरच्या फळीवर रिकामा आहे. हॅमिशचे दौरे कोणी परत मागितले नाहीत. लॉर्नाला ‘तुझं बरोबर होतं’ असं कोणी म्हटलं नाही. किंमत भरली ती मेरेआनाने : पदवीला दोन वर्षं जास्त, नेल्सन शहरातली ठरलेली नोकरी हातची जाणं, आणि काकूच्या स्वयंपाकघरात बसून सांगणं, की निबंधातून आपल्या टेकडीचं नाव निघालंय.