आजोबांच्या दंडावरची साखर

दिनुबा गावात एलेउतेरिओ आजोबांच्या ताकदीच्या इतक्या गोष्टी होत्या, की त्यातल्या निम्म्या खऱ्या धरल्या तरी गावाला ट्रॅक्टर घ्यायची गरज पडली नसती. म्हणे, द्राक्षाच्या मळ्यात ते शिरले की घोस धाकाने आपणहून टोपलीत पडायचे. एकदा एका खेचराला त्यांनी अशी लाथ घातली, की ते थेट सीमेपलीकडे मेक्सिकोत जाऊन पडलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे कागदपत्रं मागितली. हे सगळं सांगणारे अर्थात आजोबाच. शेवटही ठरलेला: "अठ्ठ्याहत्तर वर्षांत या अंगाला औषध म्हणून शिवलं नाही!"

म्हणून तर ब्रिसेइदाने त्यांचाच दंड निवडला.

पंधरा वर्षांच्या या नातीला आठव्या वर्षापासून साखरेचा आजार होता. कुत्रा अंगावर आला त्या धसक्याने झाला, असं आजोबांचं ठाम मत. तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर असे. तो दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर फोनवर पाठवी. जेवणाआधी इन्सुलिनचं पेन पोटाला टोचायचं. घरी ती हे गप्पा मारता मारता उरकायची. शाळेत मात्र मैत्रिणींसमोर शर्ट वर करायचा म्हणजे तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होई. पेन दप्तराच्या तळाशी राही आणि साखर आभाळाला टेके.

दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये अशा साखरवाल्या मुलांचा गट जमे. तिथे जोड्या लावलेल्या होत्या. बाळाची आई आणि बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता एकमेकींच्या कोमाद्रे होतात, आणि ते नातं सख्ख्या बहिणींहून घट्ट असतं. पोरींनी तेच नाव उचललं होतं. कोमाद्रेच्या फोनवर तुमची साखर दिसे, तुमच्या फोनवर तिची. नियम एकच: आईशी खोटं बोला, पाद्रीबाबांशी बोला, कोमाद्रेशी नाही.

ब्रिसेइदाची कोमाद्रे होती नायेली. सोळा वर्षांची, जिभेने तिखट, मनाने सरळ. साखर चढली की तिचा निरोप यायचा, आणि ब्रिसेइदा ठोकून द्यायची, "घेतलंय गं, उतरेल."

त्या शनिवारी गट चालवणाऱ्या मारिक्रूसताई म्हणाल्या, "ब्रिसेइदा, अकरा वर्षांची एक नवी मुलगी येतेय. तिची धर्ममाता तू हो. तुझा पुढच्या पंधरा दिवसांचा साखरेचा आलेख भिंतीवर लावू. बघू दे तिला, कसं जमवायचं ते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नायेलीने तर शिट्टी मारली. ब्रिसेइदाला दप्तरातलं पेन आठवलं, आणि मग आजोबांचा निरोगी दंड: त्यांची साखर तिच्या नावाने भिंतीवर लागली, तर आलेख सरळ येणार.

रविवारी दुपारी नवा सेन्सर घेऊन ती आजोबांपुढे उभी राहिली. "आजोबा, शाळेचं काम आहे. पंधरा दिवस हे तुमच्या दंडावर राहू द्या."

तिला वाटलं होतं, खेचराची गोष्ट होणार. पण आजोबांनी त्या चकतीकडे पाहिलं आणि मुकाट बाही वर केली.

"दुखेल का?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मुंगीला सांग, कुणाला चावतेयस ते बघून घे."

सेन्सर सुरू झाला तेव्हा आजोबा टेबलाशी बसून चार चमचे साखरेच्या कॉफीत दुसरा गोड पाव बुडवत होते. फोनवर आकडा आला: २१४. मग २६०. मग ३११, आणि बाण उभा वर. ब्रिसेइदाने घाईने स्वतःचं बोट टोचून पाहिलं. ९२, अगदी ठीक.

फोन वाजला. नायेलीचा निरोप: "कोमाद्रे! ३११? काय गिळलंस, लग्नाचा केक?" ३२४. ३३८.

पाऊण तासात दारात सायकल आदळली. नायेली मावसभावाच्या वाढदिवसातून तशीच उठून आली होती, डोक्यावर कागदाची टोपी, तोंड उन्हाने लाल.

"पेन आण. माझ्यासमोर टोच. तुझ्या हिशेबाने आठ युनिट तरी होतील."

"घेतलंय..."

"थापा नकोत! बाण बघ. काढ शर्ट वर."

ब्रिसेइदाने पेन घेतलं, टकटक करत आकडा आठवर नेला. ९२वर आठ युनिट म्हणजे थेट बेशुद्धी, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण खरं सांगायची शरम एवढी मोठी, की क्षणभर सुईच सोपी वाटली. सुई पोटाला टेकली.

"ही साखर माझी नाही."

"मग कुणाची? शेजारणीकडून उसनी आणलीस?"

ब्रिसेइदाने नुसतं टेबलाकडे पाहिलं. आजोबांनी हळूच बाही खाली ओढली.

नायेलीने पेन तिच्या हातून काढून घेतलं. "आजोबा, हात धुवा. बोटाला पावाची साखर असेल." आजोबांनी हात दोनदा धुतले, साबण लावून, जणू आकडाही धुऊन निघेल. बोटातून थेंब काढला. ३२७.

"यंत्र बिघडलंय," आजोबा म्हणाले.

"दोन्ही?"

आजोबा उठले आणि गिटारच्या पेटीतून साखर उतरवण्याच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. झाकणाचं सील जसंच्या तसं. "तीन वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंनी दिल्या होत्या. पण खेचर उडवणाऱ्याने गोळी गिळायची? लोक काय म्हणतील?" ते नातीकडे न बघता बोलत होते. "त्या चकतीला नाही म्हणायचं तर तुला कारण सांगावं लागलं असतं, पोरी."

नायेलीने टोपी काढून टेबलावर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुला आठ युनिट घ्यायला लावत होते," ती हळू म्हणाली. "माझ्या हाताने मारलं असतं तुला." आजोबांना म्हणाली, "उद्या दवाखाना." आणि निघून गेली.

शनिवारी हॉलमध्ये भिंतीवर आलेखासाठी राखलेली जागा रिकामीच होती. ब्रिसेइदाने उभं राहून सगळं सांगितलं, शाळेतल्या दप्तरासकट. कुणी हसलं नाही, रागावलंही नाही. नवी मुलगी तिच्याकडे एकटक बघत होती. मारिक्रूसताईंनी त्या मुलीचा हात नायेलीच्या हातात दिला: धर्ममाता आता ती. नायेली तिला घेऊन पलीकडच्या रांगेत बसली.

आजोबा आता गोळी घेतात. गावात मात्र वेगळंच सांगतात: रक्त काढायला आलेल्या तीन सुया वाकल्या, चौथी पाया पडली.

सोमवारी शाळेत, सेन्सर पुन्हा स्वतःच्याच दंडावर लावून आलेल्या ब्रिसेइदाने जेवणाच्या टेबलाशी दप्तराच्या तळातून पेन काढलं. कानशिलं तापली होती. तिने शर्ट वर केला. एका मुलीने पाहिलं, मान वळवली. दुसरी बटाटे खात राहिली. टोचून झालं.

त्या रविवारनंतर आठ दिवसांत पहिल्यांदाच नायेलीचा निरोप आला. "१६८. तुझाच ना?"

तिने लिहिलं, "माझाच."

पुढे पूर्वीसारखी थट्टा आली नाही.