डेल्फिनची बेणणी

क्लेमेंटने पेरलेल्या शेतात लावणी सुरू केली आहे, ही बातमी व्हॅलेरियनने गावभर पोचवली. नायगावच्या खाडीकाठच्या त्या गावात तेव्हा मोजके रेडिओ होते. व्हॅलेरियन त्यांच्या आधी सुरू होई आणि त्याला सेलही लागत नसत.

"काय रे क्लेमेंट," तो बांधावरून ओरडला, "आधी पेरायचं, मग उपटायचं, मग परत लावायचं? आता भाताला शाळेत तेवढं घाल!"

"घालीन की. तुझ्या वर्गात नको म्हणजे झालं," क्लेमेंट म्हणाला आणि पुन्हा वाकला.

खरं तर त्या जमिनीत रोपं लावायची पद्धतच नव्हती. पावसाने मातीतला खार धुऊन नेला की मोड आलेलं बियाणं चिखलात मुठीमुठीने फेकायचं, बस. काम सोपं, त्याची शिक्षा पुढे. फेकलेल्या भाताला ओळ नसते आणि त्याच्यासोबत सावा उगवतो. रंग तोच, उंची तीच, भाताचा सख्खा भाऊ असल्यासारखा खेटून उभा. भाताच्या वाट्याचं सगळं खाऊन तो माजतो. त्याला वेळेवर उपटून काढायचं म्हणजे बेणणी, आणि बेणणी म्हणजे डेल्फिन.

क्लेमेंटची ही बायको सावा डोळ्यांनी ओळखतच नसे. बोलता बोलता पानाच्या बगलेत अंगठा फिरवी. "भाताला जीभ असते, सावा मुका," असं बायकांना सांगे. भाताच्या पानाच्या बुडाशी खरोखरच एक पातळ पांढरी जिभली असते, सावाला नसते. गावातल्या नव्या सुना आधी चर्चमध्ये जात, मग डेल्फिनच्या मागून शेतात. दोन्हीकडे मान खाली घालूनच शिकावं लागे.

गेल्या वर्षापासून ती आमटीत मीठ दोनदा घालू लागली होती. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा क्लेमेंट म्हणाला, "समुद्र जवळ आला वाटतं." दोघं हसली. एकदा तिने मुलाला, कॉन्रॅडला, आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. त्यावर कुणी हसलं नाही.

आणि यंदा, बेणणीच्या पहिल्याच सकाळी, क्लेमेंट तिने बांधावर टाकलेला ढीग उचलायला गेला. एक काडी हातात घेतली. दुसरी घेतली. जीभ. जीभ. सगळ्यांना जीभ. शेतात मागे सावा छाती काढून उभा होता.

"बघा, कसं साफ केलं!" डेल्फिन कमरेवर हात ठेवून म्हणाली. घाम पुसताना तिचा चेहरा कसा दिसत होता! लग्नातही ती इतकी खूश नव्हती. तेव्हा तिला क्लेमेंट नीट माहीत नव्हता हे कारण असेल.

"साफ," तो म्हणाला.

तेव्हापासून ती पुढे उपटत जाई आणि तो मागून रोवत येई. मुळं ओली असेपर्यंत रोप जगतं, म्हणून लगबग करावी लागे. मध्ये हाताला लागेल तो सावाही काढायचा. वर व्हॅलेरियनला उत्तरं द्यायची ती वेगळीच.

शेजारच्या शेतातली मथुरा दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी बांधाशी आली आणि हळूच म्हणाली, "क्लेमेंटभाऊ, वैनीला घरी बसवा आता. मी येते बेनायला."

"घरी बसून काय करेल?"

"आराम."

"त्यानेच मरेल ती," क्लेमेंट म्हणाला. मथुरेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परत गेली. व्हॅलेरियनला मात्र तिने काही सांगितलं नाही.

कॉन्रॅड वसईच्या दुकानातून औषधाची बाटली घेऊन आला. "बाबा, हे मारा. तण खल्लास. आईला शेतात जायची गरजच नाही." मग त्याने बाटलीवरचा कागद वाचला. औषध रुंद पानांचं तण मारत होतं. अरुंद पानांना हात लावत नव्हतं.

"म्हणजे सावा याला भातच वाटतो," क्लेमेंट म्हणाला. त्याला त्या औषधाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. बाटली त्याने पडवीच्या फळीवर, पोरंबाळं पोचणार नाहीत अशी, वर ठेवून दिली.

एका दुपारी डेल्फिन मध्येच वळली. क्लेमेंट गुडघाभर चिखलात वाकलेला, हातात रोपांची जुडी. लपवायला जागा नव्हती. ती जवळ आली. त्याच्या हातातलं एक रोप घेऊन तिने पानाच्या बगलेत अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"अवो, हे भात ना?"

"सावा," तो म्हणाला.

"मग लावता कशाला?"

क्लेमेंटने जुडीतलं पुढचं रोप चिखलात रोवलं.

डेल्फिनने त्याच्यामागच्या वेड्यावाकड्या ओळींकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. "कधीपासून?"

"आजच."

"खोटं बोलताना तुमचा कान हलतो." ती थोडी हसली. मग मूठ उघडून तिने आपली रोपंही त्याच्या हातात दिली, एकेक करून, तुटणार नाहीत अशी. "मला सांगायचं नाय का? सगळ्या गावाला दिसलं असेल."

"गावाला काय कळतंय?"

"मला पन नाय कळलं." तिने चरातल्या पाण्यात हात धुतले, नखांतला चिखलसुद्धा काढला. "तुम्ही या सावकाश. मी चुलीवर भात टाकते." आणि ती बांधावरून घराकडे निघाली.

बांधाला जिथे दोन वाटा फुटतात तिथे ती थांबली. डावीकडे घर, उजवीकडे खाडी. ती बराच वेळ उभी होती. हाक मारली तर ती मदत ठरेल आणि ते तिच्या मनाला लागेल, म्हणून क्लेमेंटने हाक मारली नाही. मनात मात्र तो तिला डावीकडे ढकलत होता.

ती उजवीकडे वळली.

जुडी टाकून तो धावला. चिखलात दोनदा पडला. वर बांधावर व्हॅलेरियन होता. त्याने बाजूला होऊन वाट दिली.

"डेल्फिन!"

ती वळली. चिखलाने माखलेल्या त्या माणसाला तिने नीट न्याहाळलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि परक्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाली,

"भाऊ, क्लेमेंटचं शेत कुठल्या बाजूला हो? बेननीला जायचंय. उशीर झाला तर तो माणूस वाट बघत राहील."

क्लेमेंटला दम लागला होता.

"चला," तो म्हणाला. "मी तिकडेच चाललोय."