दहा बाय बारा

रुग्णालयाच्या औषधभांडारात तीस वर्षं काढलेल्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नसतं, आणि निदान नवऱ्याला तरी हे ठाऊक असायला हवं होतं.

शनिवारी सकाळी दोघं शेडवाल्याच्या आवारात गेली. मागच्या अंगणात ठेवायला एक शेड घ्यायची होती, लागलं तर उचलून दुसरीकडे नेता येईल अशी. आत ठेवायचं ते काय, तर शिडी, गवत कापायचं यंत्र आणि नवऱ्याची वायरमनकीची हत्यारं. सहा बाय आठ पुष्कळ झाली, हे तिने घरीच मोजून पाहिलं होतं.

नवरा लहान शेडकडे ढुंकूनही पाहीना. तो तडक दहा बाय बाराच्या शेडमध्ये शिरला.

"आत ओल धरते का?" त्याने विचारलं.

"पत्र्याची असली की आतून घाम येतो, काका," शेडवाला म्हणाला. "यंत्राबिंत्राला चालतं. गाद्या, लाकूडसामान असेल तर ही लाकडीच घ्या. वर झरोका आहे, खालून वारा खेळतो."

"मग हीच बरी."

"शिडीला वारा कशाला लागतो?" तिने विचारलं.

नवरा हसला. त्या हसण्यानेच तिच्या मनात पाल चुकचुकली. त्याने टेप काढून दाराची उंची घेतली, खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिली. ती जवळ सरकली तशी चिठ्ठी खिशात गेली.

गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. फोन आला की हा अंगणात. ती दारात दिसली की बोलणं हवापाण्यावर. या वयात शेडमध्ये वेगळा संसार थाटायचा विचार आहे की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

नवरा शेडच्या मागच्या बाजूला गेला तेव्हा तिने शेडवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "यांनी आधी फोन केला होता ना?"

"दोनदा. साडेसहा फुटी कपाट उभं जायला हवं म्हणाले. त्याचा आरसा उतरत नाही ना. आणि एक पाळणा."

तिने दाराची चौकट धरली. तो आरसा तिनेच हट्टाने पक्का बसवून घेतला होता, लेकीच्या लग्नात.

नवरा परत आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय ते कळलं.

"ती परत येतेय?"

"हो. बाळाला घेऊन. कायमची."

"आणि हे मला शेडवाल्याकडून कळायचं?"

"तिने शपथ घातली होती गं. म्हणाली, आईला आधी सांगितलं तर ती उलटतपासणी घेईल. लग्नाआधी तू जावयाबद्दल बोलली होतीस ना, तेच पुन्हा ऐकायची तिच्यात ताकद नाही."

जावयाबद्दलचा तिचा संशय खरा ठरला होता, पण त्याचं समाधान कुठेच वाटेना. पोरीला बापाकडे लपून रडावं लागलं, तेवढंच टोचत राहिलं.

"सहा बाय आठची द्या," ती शेडवाल्याला म्हणाली. "पत्र्याची चालेल."

"अगं, तिचं सामान?"

"पोरीचं सामान अंगणात? आपली अडगळ जाईल शेडमध्ये. कपाट माझ्या खोलीत लागेल."

गुरुवारी शेड आली आणि रविवारी लेक. कपाट आत घेताना जिन्यात अडकलं. नवऱ्याने कठडा सोडवला तेव्हा कुठे ते वर गेलं. आईने बाळाला घेतलं, लेकीला जेवायला वाढलं, पाळण्याची जागा दाखवली. ओठांवर आलेले प्रश्न पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

संध्याकाळपर्यंत लेक तिच्याकडे टकमक बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आई, तू काहीच कशी विचारत नाहीस? बाबांनी काय सांगितलंय तुला?"

"काही नाही," आई म्हणाली आणि बाळाचा लंगोट बदलायला घेतला.

लेकीचा अर्थातच विश्वास बसला नाही.