काढलेली मिशी

हेमराज कावीळ होऊन गेला. त्याच्या दहाव्याला धाम नदीच्या काठावर न्हाव्यासमोर त्याचे दोघे भाऊ बसले होते. त्यांचं झालं तसा मीही जाऊन बसलो.

न्हावी म्हणाला, "आदेशभाऊ, उठा. तुमचे बाबा जिते हायेत ना!"

आमच्या आंजी गावात बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. तेवढी अक्कल मलाही आहे.

"काढ," मी म्हणालो.

ही मिशी मी मुद्दाम राखली होती. चोविसाव्या वर्षी मी आणि हेमराज एकमेकांचे झालो, तेव्हा वाटलं, आपल्यातला मर्द कुठेतरी कमी पडला, निदान तोंडावर तरी दिसू दे. पुढे मोहिनीशी लग्न झालं आणि मी तिच्यावरही तितकाच भाळलो. म्हटलं, चला, बरा झालो. डोंबलाचा बरा! लग्नानंतर हेमराजला बोटही लावलं नाही, पण तो रस्त्यात दिसला की जीव तुटायचा, आणि घरी मोहिनी दिसली की तोच जीव निवायचा. आठ वर्षं स्वतःलाच विचारत बसलो, यातलं खोटं कोणतं? त्या दिवशी वस्तऱ्यापुढे मान वर केली तेव्हा कळलं, खोटी होती ती मिशीच. न्हाव्याने दोन हातांत ती उतरवली.

घरी बाबा कडाडले, "मी मेलो का रे?" आणि न जेवता वावरात निघून गेले.

मी मोहिनीला सगळं सांगितलं. ही माहेरी गेली तर आपण संपलो, ही भीती होतीच.

"मंग माह्याशी लग्न काऊन केलं? लोकं हासू नये म्हनून?"

"नाई. तू आवडली म्हनून."

"अन् तो?"

"तोही आवडे. दोन्ही खरं हाय, मोहिनी."

ती रडली. मी हात लावायला गेलो तर झटकला. "आठ वर्सं तुमाले सांगता नाई आलं? एकटेच घेऊन बसले!"

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई हळदीकुंकवाचं आवतन घेऊन दारात आल्या. मोहिनीने पदराने तोंड पुसलं.

"तेरवी होईपर्यंत येनं नाई जमत, मावशी. आमच्या घरी सुतक हाय."

"अवं बाई, कोनाचं?"

"घरच्या मानसाचं," मोहिनी म्हणाली.