चिंचेने घासलेला ब्रोच

मनीषाताईंना इंग्लंडात रीडिंगला येऊन दोन वर्षं झाली आणि दोन्ही वर्षं नवऱ्याचं तोंड बघण्यात गेली. पुरुषोत्तमराव रिटायर झाले, मुलाकडे आले आणि मुकेच झाले. चहा दिला तर पितील, नाही दिला तर मागणार नाहीत. घरातलं माणूस असं बसून राहिलं की जिवाला किती शीण होतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग मार्चमध्ये मुलाच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, बटाट्यासाठी वाफे खणताना पुरुषोत्तमरावांना एक हिरवं, वाकडं काहीतरी सापडलं. म्युझियमच्या बाईंनी फोटो बघून कळवलं, रोमन काळातला तांब्याच्या मिश्रधातूचा ब्रोच दिसतोय, शुक्रवारी घेऊन या. झालं, म्हातारा बोलायला लागला! रोमन लोक अंगावरचं वस्त्र कसं टाचत, रेकॉर्डमध्ये शोधणाऱ्याची नोंद कशी होते, सगळं. मनीषाताईंना ब्रोचचं काडीचं कौतुक नव्हतं. हे बोलणं तेवढं टिकायला हवं होतं.

म्हणून तर गुरुवारी दुपारी त्यांनी तो चिंच-मीठ लावून खसाखसा घासला. चार लोकांत न्यायची वस्तू, अशी कळकट कशी न्यायची? देवाची भांडी त्या जन्मभर अशीच लख्ख करत आल्या होत्या.

पुरुषोत्तमरावांनी तो पाहिला आणि रुमालात गुंडाळून ठेवून दिला. ओरडले असते तर परवडलं असतं. ते पुन्हा गप्प झाले.

म्युझियममध्ये बाईंनी भिंग लावलं. हळूच म्हणाल्या, तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हता, बारीक नक्षी त्याच्यातच टिकून होती, ती गेली. नोंद करू, पण कोणी आणि कशाने घासला तेही लिहावं लागेल. आपल्याच हाताने आपण या माणसाचं तोंड शिवलं, असं वाटून मनीषाताईंना रडू फुटलं.

"मी घासला," पुरुषोत्तमराव इंग्रजीत म्हणाले. "चिंचेने."

चाळीस वर्षांत कपबशी न विसळलेला माणूस! बाईंनी कुतूहलाने विचारलं, चिंचच का, तर पुरुषोत्तमराव देवघर, समया, सणाआधीची घासाघाशी, सगळं सांगत सुटले आणि बाई लिहून घेत राहिल्या.

परतताना बसमध्ये मनीषाताई म्हणाल्या, "अहो, चुकलं माझं."

"ते राहू दे. चिंच किती घेतेस गं? त्यांना मेल करायचाय."

मनीषाताई पार थकल्या होत्या. तरी सांगायला लागल्या, लिंबाएवढी चिंच, कोमट पाणी, आणि पुरुषोत्तमराव खिशातलं बसचं तिकीट काढून त्याच्या मागे लिहू लागले.