सोमवारी कळलेली गोष्ट

मारिसोल केसादाचा फोन आला तेव्हा मी एका बोक्याच्या पिंजऱ्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत होते.

"लिडिया, डोनाचे सगळे कागद हवेत," ती म्हणाली. डोना म्हणजे त्यांची कुत्री. "रक्ताचे अहवाल, किडनीचे फोटो, सगळं. एका दवाखान्याचा पत्ता देते, तिकडे पाठवून दे."

मी पेन घेतलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शहराचं नाव आलं आणि माझा हात थांबला. सॅन दिएगो.

"पुढच्या आठवड्यापासून तिचं औषधपाणी तिकडेच होईल," असं म्हणून तिने आवाज खाली आणला. "लिडिया, हे..."

"माझ्यापाशीच राहील," मी म्हटलं. "तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवला, औषधांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी पुढच्या टेबलावर बसते आहे. कुत्र्यांच्या कागदांवरून कुणाचा घटस्फोट होतोय, कुणाचं घर विकलं जातंय, हे मला नेहमीच आधी कळतं. पण असलं काही कधी कळलं नव्हतं.

मिल्वॉकीत त्या डिसेंबरात दुसरा विषयच नव्हता. मारिसोलचा नवरा रेनाल्दो केसादा, सगळ्यांचा नाल्दो, एकोणिसाव्या वर्षी आमच्या बेसबॉल संघात आला. ओठावर मिसरूड नव्हती आणि इंग्रजीचे चार शब्द येत होते. नऊ हंगाम तो आमच्यासाठी खेळला. ऑक्टोबरात त्याचा करार संपला आणि तो मोकळा झाला, वाटेल त्या संघाशी बोलायला. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे श्रीमंत संघ त्याच्या दाराशी उभे होते. आमच्या मालकांनीही म्हणे या वेळी हात आखडता घेतला नव्हता. निर्णय कधीही येईल, असं रोज सांगितलं जायचं आणि हे 'कधीही' पाच आठवडे चाललं होतं. लोक चर्चमध्ये मान खाली घालायचे ती प्रार्थनेसाठी नव्हे, मांडीवरचा फोन बघायला. माझ्या दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा ठेवून नर्सला विचारलं होतं, "काही कळलं का?"

आता मला कळलं होतं, आणि आमच्या घरात खालच्या मजल्यावर माझे वडील राहत होते.

कॅझ ओलेनिक, वय शहात्तर. चौतीस वर्षं त्यांनी लोखंड ओतायच्या कारखान्यात काढली आणि ती धूळ अजून त्यांच्या छातीत आहे. हिवाळ्यात शक्यतो बाहेर पडू नका, थंड हवा आत जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि बाबा रोज दुपारी बाराला स्टेडियमच्या बंद फाटकासमोर तासभर उभे राहत होते. ही कल्पना त्यांचा मित्र नॉर्बर्ट झिमरची. नॉर्बर्ट जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता. एप्रिलमध्ये त्याची बायको इर्मा गेली. त्याने घरातली एक पांढरी चादर काढली, तिच्यावर निळ्या रंगाने 'नाल्दो, थांब' असं लिहिलं आणि बाबांना म्हणाला, "एक टोक तू धर." पहिल्या दिवशी दोघेच होते. पाचव्या आठवड्यात चाळीसेक माणसं जमायला लागली होती.

त्या सोमवारी संध्याकाळी बाबा माझ्याकडे वर जेवायला आले. कोबीच्या सूपाचा एक घोट, मग खोकला, पुन्हा एक घोट, पुन्हा खोकला. ओठ निळसर दिसत होते.

"बाबा, उद्या जाऊ नका," मी म्हटलं.

"उद्या तर जायलाच हवं. नॉर्बर्ट म्हणतो, या आठवड्यात नक्की."

"जाऊन उपयोग नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

मी गप्प बसायला हवं होतं. दुपारी दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. मी सगळं सांगून टाकलं, डोना, कागद, पत्ता, सगळं.

बाबांनी सूपाची वाटी बाजूला सारली.

"म्हणजे फक्त कुत्रं चाललंय," ते म्हणाले.

"बाबा."

"बायकोची आई राहत असेल तिकडे."

"तिची आई सांतो दोमिंगोला असते. बाबा, तो चाललाय. आता तरी घरी बसा."

"घरी बसू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सहावीत नापास झालेय. "केसादाचं कुत्रं तुमच्याकडे येतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तूच नाही का सांगत फिरलीस? पाच आठवडे रोज येणारा कॅझ मंगळवारी अचानक घरी बसला, तर नॉर्बर्टला हिशेब लागायला किती वेळ लागेल? आणि त्याच्या शेजारच्या चाळीस जणांना? नोकरी जाईल तुझी, लिडू."

"खोकला वाढलाय म्हणून सांगा."

"खोकला मागच्या महिन्यातही होताच की. तेव्हा गेलो ना?"

म्हणजे त्यांना थंडीतून आत आणायला मी तोंड उघडलं, आणि त्याच तोंडाने त्यांना बाहेर ढकललं. ते गेल्यावर मी सिंकमधली भांडी घासायला घेतली.

मंगळवारी ते गेले. नाकातले केस गोठावेत अशी थंडी होती. संध्याकाळी जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

"कागद पाठवलेस?"

"पाठवले."

"मिळाल्याचं त्यांनी कळवलं?"

"हो."

"मागून रद्द बिद्द केलं नाही ना कुणी? माणसाचं मन फिरतं."

"नाही केलं, बाबा."

रात्री जेवणं झाल्यावर खालून त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून परत. मीही वर तशीच फेऱ्या घालत होते.

बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत गरम कॉफीचा थर्मास घेऊन फाटकाशी गेले. पोचते तोच कुणीतरी ओरडलं, "विमान उतरलं! नाल्दोचं विमान इथे उतरलं!" क्षणात सगळी गर्दी खुळावली. पोस्टातली एक बाई अनोळखी माणसाच्या गळ्यात पडली. नॉर्बर्टने चादरीचं टोक सोडून टोपी हवेत उडवली. आणि माझे बाबा, चौतीस वर्षांत कंपनीच्या एकाही पार्टीत न नाचलेले बाबा, दोन्ही हात वर करून बर्फात जागच्या जागी उड्या मारायला लागले. चेहऱ्यावर हसू असं, जसं कुणीतरी चिकटवलंय. तिसऱ्या उडीला खोकला आला. ते गुडघे धरून वाकले. मी धावले.

"आनंदाने होतं असं," नॉर्बर्ट त्यांची पाठ चोळत म्हणाला. "सावकाश रे, म्हाताऱ्या. करार व्हायच्या आधीच मरशील."

दहा मिनिटांत कळलं, ते विमान चीज विकणाऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या साहेबाचं होतं.

गाडीत मी बाबांना म्हटलं, "बस झालं. मी स्वतःच जाऊन आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर विंक्लरना सांगते, माझ्याकडून चूक झाली म्हणून. मग तुम्हाला जायला नको." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मला थंडीचं काही नाही. पण नॉर्बर्टच्या तोंडाकडे बघवत नाही. तो पुढच्या मोसमाच्या गोष्टी करतो. स्टेडियममधल्या इर्माच्या जागेवर कुणाला बसवायचं ते विचारतो. आणि मी मान हलवतो."

शुक्रवारी बारा वाजून वीस मिनिटांनी बातमी आली. मी तिथेच होते, सुट्टी टाकून गेले होते. कुणी ओरडलं नाही. एकेकाच्या खिशात फोन थरथरला, एकेकाने बघितलं आणि शांतता अशी पसरत गेली जशी दिव्यांची रांग विझत जाते. सॅन दिएगो, दहा वर्षं. पोस्टातली बाई म्हणाली, "जाऊ दे मेल्याला," आणि रडायला लागली.

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांना निदान सुटल्यासारखं वाटेल. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हे नाटक नव्हतं. चार दिवस माहीत असूनसुद्धा हा माणूस चार दिवस वाट बघत होता. माझंच काहीतरी चुकलं असावं, अशी त्यांनी आशा धरली होती.

नॉर्बर्टने चादरीची घडी घातली, चारही कोपरे नीट जुळवून. "चला," तो म्हणाला. "शुक्रवार आहे. मासे खाऊ."

शुक्रवारी अख्खं मिल्वॉकी मासे खायला जातं, तसे आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलो. तळलेले मासे आले, राय धान्याचा काळसर पाव आला, दोघांसाठी ब्रँडी आली. मग नॉर्बर्टने लिंबू पिळता पिळता सहज म्हटलं, "तुला कधी कळलं, कॅझ? सोमवारी?"

माझ्या हातातला काटा ताटलीवर पडला.

"काय कळलं?" बाबा म्हणाले.

"मंगळवारी मी तुला म्हणालो, नाल्दोला डाव्या बाजूचा चेंडू नीट पकडता येत नाही. तू काय म्हणालास? 'असेल.' छत्तीस वर्षांत तू मला कधी 'असेल' म्हटलेलं नाहीस. तेव्हाच समजलो, काहीतरी बिनसलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण नॉर्बर्टने माझ्या हातावर हात ठेवला. "तू काही सांगू नकोस, पोरी. मला कसं कळलं ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही."

"मग विचारलं का नाहीस, गाढवा?" बाबांचा आवाज चिरकला. "चार दिवस मी त्या थंडीत..."

"विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. ते तुला जमत नाही. बुधवारचा नाच बघितला मी."

"आणि तू? तुला माहीत होतं, तर तू कशाला उभा राहिलास?"

नॉर्बर्टने पावाला लोणी लावलं. अगदी कडेपर्यंत, हळूहळू. "घरी काय होतं?" तो म्हणाला. "बाराला तू यायचास. मला वाटलं, आपण बंद केलं तर हा उद्यापासून येणार नाही."

बाबांनी ब्रँडीचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मारिसोलला मी काय सांगणार आहे, सांगणार आहे की नाही, हे माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि ते पुढे बरेच दिवस फिरत राहिलं.

मग बाबांनी घसा खाकरला.

"डाव्या बाजूचा पकडता येत नाही म्हणे," ते म्हणाले. "तुला डोळे आहेत का रे? ऑगस्टमधला तो झेल कुणी घेतला? तुझ्या आजीने?"

"एक झेल! वर्षात एक!"

"एक? लिडू, ऐकतेयस? एक म्हणतोय हा!"

"पाय बघ त्याचे. पायच हलत नाहीत डावीकडे. म्हणून तर जाऊ दिलं त्याला."

"जाऊ दिलं? जाऊ दिलं?" बाबा टेबलावर हात आपटत अर्धे उभे राहिले आणि आतून बारवाली बाई काय झालं ते बघायला धावत आली.