चारित्र्याचा रकाना

“चाळीस तास?” वर्नाने अर्जावरची नजर वर उचलून विचारलं.

“हो. चाळीस,” खिडकीपलीकडे उभी असलेली टेसा म्हणाली. म्हणताना ती घड्याळाकडे बघत होती.

“बरं. ठेव.”

वर्ना कुबियाक या शाळेत बावीस वर्षं हजेरीची कारकून होती. उशिरा आलेल्यांना चिठ्ठी द्यायची, आजारी पडलेल्यांच्या घरी फोन करायचा आणि दर मार्चमध्ये ऑनर सोसायटीचे, म्हणजे शाळेच्या गुणवंत मंडळाचे, अर्ज गोळा करायचे. अर्ज करणारी मुलं हुशार असतच. पण पाच शिक्षकांची समिती अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य असे चार रकाने तपासून मगच नावं पक्की करी. एप्रिलमध्ये सभागृहात मेणबत्त्या लागत, आईबाप नटूनथटून येत आणि निवडलेल्या पोरांच्या छातीवर सोनेरी पिन लागे. त्या दिवशी खुर्च्या मांडायचं कामही वर्नाकडेच असे.

टेसाने वृद्धाश्रमात चाळीस तास सेवा केल्याचा दाखला जोडला होता. खाली व्यवस्थापकाची झोकदार सही होती. त्याच वृद्धाश्रमात वर्नाची आई होती. वर्ना रोज पाच वाजता तिथे जाई आणि दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि येण्याजाण्याची वेळ लिही. त्या वहीत टेसाचं नाव तिने दोनदा पाहिलं होतं. फक्त दोनदा.

आणि टेसा ग्लेनिस हार्टवेलची मुलगी होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच शाळेच्या फलकावर निवडलेल्यांच्या यादीत वर्नाचं नाव लागलं होतं. आईने पोलाद कारखान्याच्या खानावळीतली पाळी संपवून, घरी येऊन तिच्यासाठी पांढरा झगा शिवला होता. समारंभाला तीन दिवस उरले असताना मुख्याध्यापकांनी बोलावलं. समितीकडे पत्र आलं होतं : रसायनशास्त्राच्या परीक्षेत वर्नाने शेजारणीचा पेपर बघून उतरवला. दोन्ही पेपरांत एकच चूक होती, हे खरं. पण वर्नाचा पेपर बघून उतरवला होता ग्लेनिसने, आणि पत्रही ग्लेनिसचंच होतं. ग्लेनिसचे वडील गावचे डॉक्टर, वर्नाचा बाप गुत्त्यात पेले विसळणारा. कोणाचं खरं धरायचं याला समितीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पिन गेली, तिच्या पाठोपाठ कॉलेजची शिष्यवृत्ती गेली.

घरी आई म्हणाली, “तू काही केलंच नसतंस, तर डॉक्टरांची मुलगी असं कशाला लिहील?”

झगा मावसबहिणीला गेला. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. मात्र त्यानंतर वर्नाने काहीही सांगितलं, बस उशिरा आली असं जरी म्हटलं, तरी आई एकदा विचारायचीच, “खरं ना?”

टेसाने अर्ज दिला त्या संध्याकाळी वर्नाने वृद्धाश्रमाच्या वहीची सहा महिन्यांची पानं झेरॉक्स करून घेतली. टेसाचे तास भरले सहा. सोमवारी सकाळी तिने ती पानं समितीचे प्रमुख मिस्टर पेन्रोज यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“हे तुम्ही का शोधत बसलात, वर्ना?” त्यांनी विचारलं.

“अर्ज तपासायचं काम माझं आहे, सर.”

मंगळवारी तिने ग्लेनिसला फोन केला. दुपारी ग्लेनिस कचेरीत आली. अंगात उंची कोट, केस नुकतेच सेट केलेले. गावातली निम्मी घरं तिच्या हातून विकली गेली होती, त्यामुळे तोंडावर हसू कायमचंच.

“अगं वर्ना, किती दिवसांनी! काय झालं? टेसाने काही घोळ घातला का?”

वर्नाने वहीची एक प्रत तिच्यापुढे सरकवली. वाचता वाचता ग्लेनिसचं हसू मावळलं.

“हे कोणाला दाखवलंस?”

“बस. कागद घे. सदुसष्ट साली जसं पत्र लिहिलंस ना, तसं आता दुसरं लिही. उत्तर कोणी कोणाचं बघितलं, ते.”

“वेडी आहेस का? सत्तावीस वर्षं झाली त्याला!”

“मला माहीत आहेत किती झाली ती.”

ग्लेनिसने दाराकडे बघितलं. आवाज खाली आला. “सतरा वर्षांची होते गं मी. बाबांनी घराबाहेर काढलं असतं. त्या पिनशिवाय घरी जायची सोय नव्हती मला.”

“मग तसंच लिही. बाबांचंही लिही.”

“आणि लिहिलं तर टेसाचं नाव राहील?”

“तू लिही आधी.”

ग्लेनिसने लिहिलं. दोनदा खोडलं, वर्नाने दोनदा नवा कोरा कागद दिला. सही झाल्यावर वर्नाने पत्र सावकाश वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

“आता ती पानं फाड,” ग्लेनिस म्हणाली.

“तुझ्यापुढची खुशाल फाड. पेन्रोजसरांकडे कालच गेलीत.”

ग्लेनिस उभी राहिली. “माझ्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं?”

“माझ्या आईने तुझं काय केलं होतं?” वर्ना म्हणाली, आणि खिडकीपाशी आलेल्या मुलाला चिठ्ठी लिहून द्यायला वळली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गुरुवारी समिती बसली. टेसाच्या चारित्र्याच्या रकान्यात तांबडी रेघ आली. शुक्रवारी टेसा दुसऱ्या तासाला शाळेत पोचली. डोळे सुजलेले.

“उशिराची चिठ्ठी हवी होती, मिस कुबियाक.”

“कारण?”

“कारण काही नाही.” मग खिडकीच्या कडेवर बोट फिरवत ती म्हणाली, “मी सहाच लिहिले होते. आई म्हणाली, सहाने काय होतंय, मी बघते. पण कागद मीच आणून दिला ना तुमच्याकडे. तुम्ही विचारलंत तेव्हा चाळीस म्हटलं.”

वर्नाने कारणापुढे ‘घरगुती’ असं लिहिलं आणि चिठ्ठी दिली. पोर गेल्यावर पुढच्या मुलाचं नाव तिला दोनदा विचारावं लागलं.

पाच वाजता ती आईजवळ बसली होती. अलीकडे आई तिला इथलीच कोणी नर्स समजे.

“एक पत्र आलंय. वाचू?”

“वाचा की.”

वर्नाने ग्लेनिसचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द सुटा करून वाचलं. वर्ना कुबियाकने काही उतरवलं नव्हतं, मीच उतरवलं, हे वाक्य तिने दोनदा वाचलं. आई अगदी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने मान हलवली.

“बिचारी पोर,” ती म्हणाली. “आणि तिची आई? ती काय करत होती? निदान तिने तरी विश्वास ठेवायचा पोरीवर.”

वर्नाने पत्राची पुन्हा घडी घातली.

“कामाला जायची ती,” मग ती म्हणाली. “दमून यायची फार.”

“तरी पण,” आई म्हणाली.

वर्नाने पांघरूण तिच्या गुडघ्यांवर नीट ओढलं, आणि सूप निवलंय का ते बघायला चमचा आधी आपल्या ओठांना लावला.